जीपचं दावं

जीप विकायचं अप्पांनी ठरवलं नाही, त्यांच्या डोळ्यांनी ठरवलं. काचबिंदू निघाला होता. डॉक्टरांनी माझ्या वडलांना सरळ सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषध घालून जपा. अप्पांनी ते ऐकलं, घरात कुणाला काही बोलले नाहीत आणि दौलताबादच्या रस्त्यावर जीप चालवत राहिले. शेवटी पडेगावच्या वळणावर एका उभ्या बैलगाडीला त्यांनी ती इतकी लगटून नेली की बाजूच्या आरशाचा चुरा झाला. घरी येऊन त्यांनी चावी आईच्या हातात ठेवली. चावीच्या दोरीला आमच्या जुन्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातलं पितळी घुंगरू बांधलेलं होतं. ते वाजलं आणि अप्पा म्हणाले, "इकून टाकू."

आईला जीप जायचं दुःख नव्हतं. तिला भीती होती ती अप्पा घरात बसतील याची. चाळीस वर्षं घराबाहेर हिंडलेला माणूस बाजेवर बसला की आठ दिवसांत म्हातारा होतो, असं तिचं म्हणणं. रस्त्याला लागून एक गाळा निघाला होता. तिथं सरकी-पेंडीचं दुकान टाकायचं, असं आम्ही ठरवलं. पेंड ताजी का जुनी हे अप्पा नुसत्या वासावरून सांगायचे, त्याला डोळे लागत नव्हते. गाळेवाल्यानं महिनाअखेरची मुदत दिली. जीप गेली तर गाळा मिळणार, गाळा मिळाला तर अप्पा उभे राहणार, इतका साधा हिशोब होता.

मी तेव्हा बजाजनगरला सासरी राहायचे आणि वाळूजच्या एका कारखान्यात अकाउंटला होते. त्यामुळे पैशाच्या बाबतीत सगळं आपल्यालाच कळतं अशी माझी ठाम समजूत होती. माझा स्वभावही जरा तडकच. आई म्हणायची, हिच्या जिभेवर मिरची ठेवूनच हिला घडवलीय.

गिऱ्हाईक मिळालं ते खुलताबादला. अप्पा गावातल्या एका पोराला चालवायला घेऊन जीप तिथल्या बाजारात उभी करायचे. तेलंगणाकडचा एक माणूस नवस फेडायला दर्ग्याला आला होता. त्यानं जीपवरची 'विकणे आहे' ही पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि थेट अप्पांना गाठलं. त्यानं जीप पाहिली तीही अजब रीतीनं. इंजिन राहिलं बाजूला, आधी टायर दाबले, मग गाडीभोवती सावकाश फेरी मारली, मग बॉनेटवर थाप मारून कान लावला. उन्हं चांगली वर आली होती तरी खांद्यावर घोंगडी होती. भाव ठरला, त्यानं इसार दिला आणि अप्पा खूश होऊन घरी आले. मी तेव्हा माहेरी आले होते.

"माणूस चांगला हाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"घोंगडी हातमागाची व्हती. घरची लोकर."

"अप्पा, घोंगडी बघून कुणी जीप विकतं का?"

आमची जात मेंढरं राखणारांची. आजोबा कळप घेऊन पार तेलंगणापर्यंत जायचे. निजामाच्या अमलात तो सगळा एकच मुलूख होता. अप्पा जन्मले पोलीस ॲक्शननंतर, आणि ते कळते होईपर्यंत मधे राज्यांची हद्द आली. मेंढरांना ती कधी कळली नाही. जीपला मात्र ती पक्की कळते. आपल्या आरटीओचं ना-हरकत पत्र असल्याशिवाय हद्दीपलीकडं गाडी कुणाच्या नावावर होत नाही. आणि एकदा ते पत्र आणि गाडी पलीकडं गेली की पैशासाठी जायचं कुणाच्या दारात? आमच्या कारखान्यातल्या एकाच्या मामानं परराज्यातल्या माणसाला टेम्पो विकला होता. हातात आलेला ड्राफ्ट बँकेनं खोटा म्हणून परत केला. टेम्पो गेला तो गेलाच.

म्हणून मी नियम घातला. रोकड नको, एवढी रक्कम एसटीतून आणणं त्यालाही धोक्याचं. त्यानं ड्राफ्ट आणायचा, आम्ही तो खात्यात भरायचा आणि पैसे जमा झाले असं बँकेनं सांगितल्यावरच गाडी आणि कागद सोडायचे.

त्या माणसाला एसटीडीवरून हे कळवलं तर तो तडकला. "हौ बेटी, ड्राफ्ट भी तुमारा, गाडी भी तुमारी, कागज भी तुमारे! फिर मेरे पास क्या रैता? मैं उदर बैठ के क्या करूं?"

त्याचंही खरंच होतं. मी आमची बाजू चारी अंगांनी बांधून घेतली होती आणि त्याला मोकळ्या रानात उभं केलं होतं.

तोड अप्पांनी काढली. खुलताबादच्या बाजारात परगावच्या माणसाशी सौदा झाला की दोघांनी आपापली वस्तू तिसऱ्याकडं ठेवायची, अशी रीत होती. तिथं वेशीजवळ हॉटेल चालवणारे एक चाचा होते. कितीतरी सौद्यांची अमानत त्यांनी सांभाळली होती. जीप त्यांच्या अंगणात लावायची, चाव्या आणि सगळे कागद त्यांच्याकडं एका पिशवीत ठेवायचे. ड्राफ्ट आम्ही न्यायचा. पैसे जमा झाले की मी येऊन सांगायचं आणि चाचांनी पिशवी गिऱ्हाइकाला द्यायची. ड्राफ्ट परत आला तर पिशवी आमची. मधल्या काळात जीप ना आमची, ना त्याची.

मला हे पटलं. त्यालाही पटलं. महिनाअखेर जवळ आली होती, दुसरं गिऱ्हाईक शोधायला वेळ उरला नव्हता.

ठरल्या दिवशी आम्ही चाचांच्या हॉटेलात बसलो. अप्पांनी अर्जांवर सह्या केल्या, मी बोट ठेवून जागा दाखवत होते. गिऱ्हाइकानं खिशातून ड्राफ्ट काढून टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाची बशी ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मग म्हणाला, डिझेलची टाकी उघडून दाखवा. पूर्वी कुणीतरी डिझेलमधे रॉकेल मिसळून चालवलेली गाडी त्याच्या गळ्यात मारली होती.

टाकीच्या झाकणाला कुलूप होतं. टेबलावर मात्र दोन सुट्या चाव्या होत्या आणि दोन्ही इंजिनच्या. टाकीची चावी त्यांत नव्हती.

"वो छोटी चावी किदर है?" गिऱ्हाइकानं विचारलं.

अप्पांचा हात पैरणीच्या खिशात होता आणि खिशातून घुंगरू वाजलं. अगदी हलकं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या माणसाचा चेहरा पालटला. त्यानं बशी उचलली, ड्राफ्टची घडी घातली आणि खिशात टाकला. "एक चावी छुपा के रखते क्या बड़े भाई? कल को गाडी निकाल के ले जाने कू? नक्को मेरे कू ये सौदा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी त्या माणसावर संशय घेत होते आणि चोरी पकडली गेली ती आमच्याच घरची! चार माणसांत मी अप्पांवर ओरडले, "अप्पा, द्या ना ती चावी! गाळा जाईल हातचा, कळतंय का?"

अप्पांनी खिशातला हात काढला नाही. मान खाली घालून म्हणाले, "बाई, जनावर इकलं तरी दावं इकत नसतेत. दावं गेलं की घरची बरकत जाती."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं बैल विकला, गाय विकली, तरी गळ्यातलं दावं आम्ही सोडून ठेवून घेतो. मेंढा विकला तर त्याचं घुंगरू ठेवतो. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं. अप्पांनी जीपच्या चाव्या दोरीतून काढून दिल्या होत्या आणि दोरी नि घुंगरू ठेवून घेतलं होतं. टाकीची बारकी चावी त्याच गाठीत अडकून राहिली होती. त्यांना ती दिसलीच नव्हती.

"अप्पा, ही जीप आहे," मी म्हणाले. आवाज आता खाली आला होता.

अप्पांनी दोरी बाहेर काढली आणि तळहातावर धरून त्या माणसाला दाखवली. "रस्सी है ये. रस्सी नै देते हमारे में," ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "चावी का मेरे कू मालूम नै था. दिखता नै मेरे कू."

तो माणूस दोरीकडं बघत राहिला. मग त्यानं घुंगराला बोट लावलं. "मेंढे का है?"

"म्होरक्याचं," अप्पा म्हणाले.

"हमारे में भी रस्सी नै देते," तो म्हणाला आणि खाली बसला. खांद्यावरची घोंगडी त्यानं मांडीवर घेतली, तिच्या काठाच्या दोन दशा ओढून काढल्या आणि तळहातानं मांडीवर वळल्या. आजोबा अगदी तसेच वळायचे. बघता बघता काळी दोरी तयार झाली. "लाओ बड़े भाई. लेने वाला अपनी रस्सी लाता."

अप्पांना ती गाठ सुटेना. मी सोडवायला पुढं झाले तर त्या माणसानंच हात पुढं केला. त्यानं बारकी चावी सोडवून आपल्या दोरीत ओवली, बाकीच्या चाव्याही त्यातच ओवल्या आणि अप्पांची दोरी घुंगरासकट त्यांच्या मुठीत परत ठेवून मूठ मिटली. मग टाकी उघडली, वास घेतला आणि ड्राफ्ट पुन्हा बशीखाली ठेवला.

अप्पा एवढे हरखले की म्हणाले, "घेऊन जावा गाडी आजच."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "पिशवी चाचांकडंच राहील."

अप्पांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. तो माणूस मात्र हसला. "बेटी बराबर बोल रई. अमानत बोले तो अमानत." चाचांनी पिशवीला गाठ मारली आणि गल्ल्यामागच्या कपाटात ठेवून दिली.

ड्राफ्ट वटेपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत बँकेत जायचे, तिथला कारकून मला बघूनच मान हलवायचा. मग एके दिवशी त्यानं मान दुसऱ्या बाजूनं हलवली. मी बँकेतून थेट खुलताबादची एसटी धरली. दोन दिवसांनी तो माणूस आला, पिशवी घेतली, अप्पांच्या पाया पडला आणि जीप घेऊन गेला. त्याच आठवड्यात गाळ्याची किल्ली आमच्या घरात आली. ती कोणत्या दोरीत ओवली गेली, ते सांगायला नको.

वर्षभरानं मी माहेरी गेले होते, तेव्हा सकाळी अप्पांबरोबर दुकानात गेले. नजर आणखी उतरली होती. शटरजवळ त्यांच्या हातून किल्ल्या निसटल्या. मी उचलायला वाकले तर म्हणाले, "राहू दी." त्यांनी चप्पल काढली, पायानं माती चाचपली. घुंगरू वाजलं. ते बरोबर तिथंच वाकले, किल्ल्या उचलल्या, बोटांनी कुलूप हुडकलं आणि शटर वर ढकललं. आतून पेंडीचा वास आला.

मला रडू आलं. हा माणूस घरात बसला नव्हता. रडणं त्यांना दिसत नाही याचं बरंही वाटत होतं आणि वाईटही.

"रडायलीस व्हय?" आत गोण्या चाचपत अप्पा म्हणाले. "मला दिसत नाय, माय. ऐकू येतंय की."