सांगावा न पोचलेली बोटं

आमच्या घरात विज्ञानाची सगळ्यात मोठी सेवा जर कुणी केली असेल तर ती एका तांबड्या कोंबडीनं. चिडकी होती, मला बघितलं की पिसं फुलवून अंगावर यायची, आणि मी शाळेला निघाले की मुद्दाम दारात आडवी उभी राहायची. आमचं दोघींचं कधीच जमलं नाही. तरी आज तिच्याविषयी लिहायला बसले तर हसू येतंय आणि डोळेही भरून येताहेत, दोन्ही एकदमच.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. मिरजगावात सून म्हणून येऊन मला दोन वर्षं झाली होती. नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झाले होते आणि गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. माझे यजमान नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचे. थोरले दीर शेती बघायचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो; घर, कोंबड्या आणि आम्ही सगळे त्यांच्या ताब्यात. आणि थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणायचे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कमी बोलणारी, आणि सुईदोऱ्यात अशी तरबेज की शेजारपाजारच्या बायका ब्लाउज शिवायला तिच्याकडेच यायच्या.

लग्नानंतर सात वर्षांनी अक्काला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. आत्याबाईंनी तिला पाण्याची घागरसुद्धा उचलू दिली नाही. सातव्या महिन्यात चंद्रग्रहण आलं. गरोदर बाईनं ग्रहणाचे वेध लागले की चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. हातानं जे करशील ते पोराच्या अंगावर उमटतं, असं आत्याबाईंनी दुपारीच बजावून ठेवलं.

मी नवी पदवीधर. मला हसू आवरेना. त्यात दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी, आणि माझ्या निळ्या ब्लाउजचे हूक तुटलेले. मला सुईत दोरा ओवता येत नाही हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. ब्लाउज घेऊन मी अक्काकडे गेले आणि ऐटीत म्हणाले, "अक्का, सावली चंद्रावर पडते हो, तुमच्या पोटावर नाही." ती थोडी घुटमळली, मग हसली आणि शिवायला बसली. मी निघून परसात गेले. पाच हुकांपैकी दोन लावून झाले होते तेवढ्यात आत्याबाई खोलीत आल्या. त्यांनी तिच्या हातातून सुईसकट ब्लाउज काढून घेतला आणि आत नेऊन ठेवला. हे काम मी सांगितलं होतं, हे अक्का बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. गुटगुटीत, डोकंभर जावळ, आवाज खणखणीत. फक्त उजव्या हाताची मधली दोन बोटं टोकापर्यंत कातडीनं जोडलेली. आत्याबाईंनी तो हात उलटापालटा करून बघितला आणि अक्काला एवढंच म्हणाल्या, "शिवलीस ना शेवटी."

नगरच्या डॉक्टरांनी दिरांना स्पष्ट सांगितलं होतं की आत हाडं वेगवेगळी आहेत, नुसतं कातडं जुळलंय, पोर दीड-दोन वर्षांची झाली की सोडवून देऊ. पण डॉक्टर कातडं सोडवणार होते, त्या तीन शब्दांची गाठ थोडीच सोडवणार होते! अक्कानं झबल्याची उजवी बाही हातभर लांब करून घेतली. बाळ बघायला बायका आल्या की ती डावा हात पुढे करायची. बाराव्या दिवशीचं बारसं आत्याबाईंनी पुढे ढकललं, "सव्वा महिन्यानं बघू." खरं तर चार बायकांसमोर तो हात उघडा करायची त्यांचीही छाती होत नव्हती. आणि अक्का, जिनं सात वर्षं वाट बघितली, ती पोरीला पाजतानासुद्धा अपराधी चेहऱ्यानं बसायची. मला ते बघवेना. दोष द्यायचाच तर तो माझा होता, आणि ते कबूल करायची हिंमत माझ्यात नव्हती. हिंमत नसली की शिकलेला माणूस व्याख्यान देतो. मीही तेच केलं.

पाटी-खडू घेऊन बाळंतिणीच्या खोलीत गेले. उलथन्यासारखा एक सपाट हात काढला. म्हटलं, पोटात बाळाचा हात आधी असाच असतो, अखंड. मग बोटांच्या मधल्या पेशी आपोआप मरतात आणि बोटं मोकळी होतात. आपल्या बाळाच्या त्या पेशी मेल्याच नाहीत, एवढंच...

"मास्तरीनबाई!" दारातून आवाज आला. आत्याबाई. "बाळंतिनीच्या खोलीत मरनाचं नाव काढतीस? ऊठ आदी! हो भाईर!"

पाटीसकट बाहेर आले. चुकलंच होतं माझं. जिथं पाचवी पुजली, तिथं मी मरण घेऊन गेले होते.

मग ठरवलं, सांगायचं नाही, दाखवायचं. कॉलेजातल्या आमच्या सरांना चिठ्ठी लिहून यजमानांच्या हाती पाठवली. पुढच्या शनिवारी ते उत्तर आणि एक इवलीशी बाटली घेऊन आले. सरांनी लिहिलं होतं, कोंबडीच्या अंड्यात पिलाचा पाय असाच घडतो, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या दिवशी अंडं उघडून बघ. बाटलीत एक तांबडा रंग होता. ज्या पेशी जाण्याच्या वाटेवर असतात तिथं तो जास्त साचतो. खाली एक ओळ होती, 'बदकाच्या बोटांमधल्या बऱ्याचशा पेशी राहतात, कारण त्याला पोहायचं असतं.'

आता अंडी उबवायची कशी? तांबडीकडे जायचं म्हणजे आत्याबाईंकडे जाणं आलं. म्हणून मी यंत्र बनवलं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, तळाला वाळू, चाळीसचा बल्ब, वाटीत पाणी, शाळेचा थर्मामीटर. बाजारातून गुपचूप सहा अंडी आणली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना बल्बनं मनावर घेतलं आणि सगळी अंडी उकडून निघाली. दिरांनी ती मीठ लावून खाल्ली आणि यंत्र झकास आहे म्हणाले. दुसऱ्या खेपेला लाईट गेली ती दीड दिवस आलीच नाही.

आत्याबाई हे सगळं बघत होत्या. गार पडलेली अंडी मी उकिरड्यावर टाकायला निघाले तेव्हा त्यांनी वाटेत गाठलं.

"काय चाललंय तुजं?"

घाबरत घाबरत सांगितलं. या वेळी मरणाचा उच्चार केला नाही. म्हणाले, "आत्याबाई, बोटांच्या मधी जे भरलेलं असतं ना, त्याला आतून सांगावा येतो, तुमचं काम झालं, आता जागा खाली करा. ते जातात आणि बोटं सुटतात. आपल्या बाळाच्या दोन बोटांत तो सांगावा पोचला नाही. का पोचला नाही, ते मलाही ठाऊक नाही. पण सांगावा येतो, हे मी दाखवीन."

त्यांनी माझ्या हातातलं एक गार अंडं घेऊन कानाशी हलवून बघितलं. मग म्हणाल्या, "खुडूक कोंबडीला लाईट लागत न्हाई. तांबडी बसलीया कालपस्नं. बारा ठिवल्यात तिच्याखाली. त्यातली तीन देईन. चौथं मागायचं न्हाई. जीव हाय त्यो."

आणि त्यांनी स्वतः कोळशानं तीन अंड्यांवर फुल्या मारल्या.

सहाव्या दिवशी सकाळी तांबडीनं माझ्या मनगटावर दोन चोची मारल्या आणि पहिलं अंडं मिळालं. अक्काच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी ऊन येत होतं, तिथं बशीत कोमट मिठाचं पाणी आणि शाळेचं भिंग घेऊन बसले. आत्याबाई भिंगावर वाकल्या. पिलाचा पाय म्हणजे तिळाएवढं सपाट उलथनं. बोटांचा पत्ता नाही.

"मास्तरीन खोटं बोलत न्हाई मग," त्या पुटपुटल्या.

आठव्या दिवशी अंड्याला बारीक खिडकी पाडून आत तांबड्या रंगाचा थेंब सोडला, थोडं थांबले आणि पिलू बशीत घेतलं. मला स्वतःलाही खात्री नव्हती. भिंग धरलं. उलथन्यात बोटांच्या फिक्या रेघा उठल्या होत्या आणि बरोबर त्यांच्या मधल्या जागेत तांबडे ठिपके. बाकी कुठं एवढे नाहीत. ज्यांना जायचं होतं त्यांना कुणीतरी कुंकू लावून उठवावं तसे.

"बघू," आतून अक्का म्हणाली. ती बाळाला घेऊन उंबऱ्याशी आली. भिंगातून बघता बघता तिनं विचारलं, "आन न्हाई गेले तर?"

"बदक होतं," मी म्हणाले. "सरांनी लिहिलंय, बदकाला पोहायचं असतं."

"मंग माजी पोरगी पवनार म्हना की!" अक्का म्हणाली आणि खळखळून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

दहाव्या दिवशी तिसरं अंडं. अक्काही बाळाला घेऊन उंबऱ्याशी येऊन बसली. पायाला बोटं, सुटी, नखाएवढीसुद्धा नाहीत पण मोकळी. आत्याबाई भिंग सोडायला तयार होईनात. मग त्या तिथंच मांडी घालून बसल्या आणि स्वतःच्या बोटांची पेरं मोजायला लागल्या. आयुष्यभर कोंबड्या बसवलेली बाई ती.

"कोंबडी बसती एकवीस दिस. बोटं सुटली धाव्याला. म्हंजी निम्म्याच्या आतच." पेरं पुन्हा मोजली. "मास्तरीनबाई, मानसाचं कवा सुटतं मग?"

"दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आत्याबाई."

"आन गिरान कवा हुतं?"

ग्रहण? सातव्यात, हे तिघींनाही माहीत होतं.

"म्हंजी हिनं सुई धरली तवा बोटं आदीच तशी हुती," आत्याबाई सावकाश म्हणाल्या. एवढं सगळं शिकून हे साधं गणित माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ठिपके दाखवण्यात रमले होते. हिशोबी नजर त्यांची.

त्या उठून आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात माझा निळा ब्लाउज होता. दोन हूक लावलेले, तिसऱ्याच्या जागी सुई तशीच टोचलेली.

"आत्याबाई, तो माझा आहे. मीच सांगितलं होतं अक्काला."

"ठावं हाय. थोरली असला रंग घालती व्हय कदी?"

"मग मला का नाही बोललात?"

त्यांनी खाली बसत सुई काढून उजेडात धरली. "तू उलटून बोलली असतीस. ती बोलत न्हाई. म्हनून तिलाच बोलले." मग अक्काकडे न बघताच म्हणाल्या, "लई वंगाळ झालं माज्याकडनं, पोरी."

अक्का पुढे सरकली. तिनं बाळ उचललं आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. मग बाळाची लांब बाही तिनं कोपरापर्यंत दुमडली. त्या दिवशी मी शाळेला उशिरा गेले आणि कुणाला कारण सांगितलं नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी तांबडीखालची बाकीची पिलं निघाली, नऊच्या नऊ. दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं, पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं चुलीवर. एका म्हातारीनं बाळाचा हात बघून तोंडाला पदर लावला तशा आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी तो चिमुकला हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि ठणकावून सांगितलं, "बघा, नीट बघा. ह्या दोन बोटांला सांगावा पोचला न्हाई. आईची चूक न्हाई, गिरानाची न्हाई. दोन वर्सांनी डाक्टर पोचवनार हाय. कुनाला पटत न्हाई तर माज्या तांबडीला इचारा!" बायका हसल्या. नाव ठेवलं गेलं, पाळणा हलला, आणि अक्का हिरव्या साडीत मान वर करून बसली होती.

ती बोटं पुढे खरंच सुटली. एक फिकी रेघ तेवढी राहिली. बदकाचं म्हणाल तर आमची पोरगी विहिरीत अशी पोहायची की अक्काला काठावर उभं राहून ओरडावं लागे.

तो सांगावा नेणारे कोण, हे मला पुष्कळ वर्षांनी मासिकांतून वाचायला मिळालं. ती प्रथिनं असतात, एका पेशीकडून दुसरीकडे खूण पोचवणारी. काही 'राहा' म्हणतात, काही 'जा'. कॅन्सरच्या पेशी म्हणजे 'जा' म्हटलं तरी हटून बसणारे पाहुणे. आता त्या खुणांवर औषधं शोधतात, शोधांची पेटंटं घेतात. वाचते तेव्हा मला फार आनंद होतो, आणि मनात येतं की बिस्किटाच्या डब्याला कुणी पेटंट दिलं नाही हे योग्यच, पण तांबडीचं नाव कुठंतरी हवं होतं.

बारशाला मी तो निळा ब्लाउज घातला होता. उरलेले तीन हूक आदल्या रात्री आत्याबाईंनी स्वतः लावून दिले होते. वरचे दोन अक्काचे, रेघेत. खालचे तीन वेडेवाकडे, दोऱ्याच्या भल्या मोठ्या गाठींसकट. ते दिवसभर आपोआप उघडत राहिले आणि मी दिवसभर पदर सावरत घुगऱ्या वाढत राहिले. संध्याकाळी अक्का म्हणाली, "आन हिकडं, नीट लावून देती."

मी दिला नाही. तो ब्लाउज अजून माझ्याकडे आहे, आणि ते तीन हूक आजही लागत नाहीत.