आयव्हरचा लाल बिल्ला

व्हर्ना ट्वेट म्हणजे अख्खं वर्तमानपत्र. अल्डर नदीच्या खोऱ्यातल्या त्या डोंगराळ काउंटीत दर गुरुवारी आठ पानांचा अंक निघायचा आणि त्यातलं अक्षर न् अक्षर तिचं असायचं. काउंटीचा कारभार बघणाऱ्या, निवडून आलेल्या कमिशनरांच्या सभेत कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं, नदीला पाणी किती, हरणं कुठल्या उतारावर आलीत, अस्वलानं कोणाच्या कोंबड्या नेल्या, सगळं. लोक तिला टरकून असत. सभेत कोणी थापा मारू लागला की ती नुसता चष्मा कपाळावर सरकवायची आणि बोलणाऱ्याची त-त-प-प व्हायची.

अशी ही खमकी बाई एका लाकडी चकतीपुढे मात्र हरत असे.

मेव्हिस ओल्डहॅमच्या दुकानाच्या ओसरीवर, नदीकडच्या भिंतीला एक जुना फळा होता. त्यावर ओळीनं खिळे आणि खिळ्यांना नावं कोरलेले पाइनचे जाडजूड बिल्ले, एका बाजूनं पांढरे, दुसऱ्या बाजूनं लाल. नदीवर किंवा वरच्या रानात जाताना आपला बिल्ला लाल करायचा, परतलं की पांढरा. अंधारून येईपर्यंत एखादा बिल्ला लालच राहिला, की दुकानात असेल तो प्रत्येक जण दोर घेऊन वर निघायचा. हरवलेला माणूस जिवाभावाचा आहे की डोक्यात जाणारा, हे कोणी बघत नसे. आणि एक दंडक सगळे पाळत. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. जाणाऱ्यानंच तो फिरवायचा आणि परतणाऱ्यानंच.

व्हर्नाचा नवरा आयव्हर सहा वर्षांपूर्वी, बर्फ वितळायच्या दिवसांत, बिल्ला लाल करून गेला. त्याची नाव कोल्हीच्या डोहात उलटी सापडली. तो सापडला नाही. तेव्हापासून संध्याकाळी फळा बघताना लोक तेवढा एक लाल बिल्ला नजरेआड करत. व्हर्ना मात्र कचेरी बंद करून रोज वाकडी वाट करायची, त्याच्यापुढे उभी राहायची आणि घरी जायची. एक दिवस आयव्हर स्वतः येऊन तो फिरवील, अशी तिला आशा होती. ही आशा खुळी आहे हेही तिला कळत होतं, पण कळून काय उपयोग!

त्या वर्षी निवडणूक होती. कमिशनर डेल क्रँडलला फळाच उतरवायचा होता. हातात फोन असताना हा अडाणीपणा कशाला, असं तो सभेत तावातावानं बोलला. मग एके दिवशी कचेरीत येऊन तिच्या टेबलाच्या कडेवर बसला.

"व्हर्ना, शाळेपासूनची ओळख म्हणून सांगतो. तो बिल्ला पांढरा करून टाक. बाहेरून फिरायला आलेले पाहुणे विचारतात, कोण बुडालं? त्यांच्या पोटात गोळा येतो."

"त्यांच्या की तुझ्या मतांच्या?"

"दोन्ही म्हण. पण स्वतःकडेही बघ ना जरा. सहा वर्षं झाली गं. आता येणार आहे का तो?"

व्हर्नानं चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा डोळ्यांवर ओढला.

मंगळवारी ती ओसरीवर गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं आयव्हरचा बिल्ला पांढरा केला. मेव्हिस दारातून बघत होती. गुरुवारच्या अंकात, नदीच्या पाण्याच्या बातमीखाली, आयव्हर ट्वेट वारल्याच्या चार ओळी आल्या. त्या लिहिताना तिला आपण नवऱ्याला घराबाहेर काढतोय असं वाटलं.

शनिवारी दुपारी ती दुकानात आली, तर बिल्ला लाल.

"मेव्हिस! कोणाचा हा चावटपणा?"

"पहाटे शिकारीवाले गेले, त्यानंतर इकडे चिटपाखरू फिरकलेलं नाही," मेव्हिस म्हणाली. "आणि मी हात लावीन? माझी काय बिशाद!"

व्हर्नानं तो रागानं पांढरा केला. बोटं ओली झाली. ती आत जाऊन कॉफी घेऊन आली, तेवढ्यात तो पुन्हा लाल. आता त्यातून पाणी ठिबकत होतं. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. खाली ओसरीच्या लाकडी जमिनीवर दोन पावलं मावतील एवढा ओला डाग होता, पण तिथे येणारी पावलं नव्हती आणि जाणारीही नव्हती. तिनं कप कठड्यावर ठेवून दिला.

ऊन कड्यामागे गेलं तोवर शिकारीहून परतलेले पाच-सहा जण ओसरीवर जमले होते. एरवी अशा वेळी थट्टामस्करीला ऊत यायचा. आज कोणी हसलं नाही.

"मेलेल्या माणसाला शोधायला जायचं?" एक जण हळूच म्हणाला.

म्हातारा लाकूडतोड्या रोस्को काठी टेकून उठला. "लाल म्हणजे लाल. कोण आहे हे आपण आधी कधी विचारलं होतं का? चला, उठा."

आणि ते निघाले. व्हर्नाही निघाली, सगळ्यांच्या पुढे. आयव्हर सापडलाच तर तो कसा असेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता, तरी पाय थांबत नव्हते.

आयव्हरची नाव जिथे सापडली होती, त्या कोल्हीच्या डोहाशी डेल क्रँडल होता. मासे धरताना त्याचा पाय दोन दगडांत अडकला होता. संध्याकाळी वरच्या धरणातून पाणी सोडतात, ते त्याच्या कमरेला लागलं होतं आणि चढत होतं. ओरडून ओरडून घसा बसलेला. सभेत फळ्याविरुद्ध एवढं बोलल्यावर मेव्हिसच्या डोळ्यांदेखत बिल्ला कसा फिरवणार? म्हणून तो पहाटेच, कोणाला न सांगता, परस्पर आला होता. चौघांनी पहारी लावून त्याला ओढून काढलं.

"माझा बिल्ला तर पांढरा होता," घोंगडीत तो कुडकुडत म्हणाला. "तुम्हाला कळलं कसं?"

"दुसऱ्या एकाचा लाल होता," व्हर्ना म्हणाली.

डेल पलीकडच्या खडकाकडे बघत राहिला. "तिथे कोणीतरी उभं होतं. पाठमोरं, चिंब भिजलेलं. मी केवढ्या हाका मारल्या! मध्येच दिसेनासा व्हायचा, पुन्हा तिथेच. तुम्ही आलात आणि गेला. मला वाटलं, तुमच्यातलाच कोणी असेल."

खडकावर ओलसुद्धा नव्हती.

परत आले तेव्हा ओसरीवर दिवा लागला होता. मेव्हिस फळ्यापासून लांब, भिंतीला चिकटून उभी होती.

"मी हात लावला नाही, व्हर्ना. देवाशपथ नाही."

आयव्हरचा बिल्ला पांढरा होता.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. दंडक सगळ्यांनाच ठाऊक होता. रोस्कोनं टोपी काढली. "मी येऊ का सोबत?" त्यानं विचारलं. व्हर्नानं नको म्हणून मान हलवली आणि एकटीच घराकडे चालू लागली.

घर गल्लीच्या टोकाला होतं. पायरीवर ओल होती. दाराची कडी निघालेली होती, आणि सकाळी ती लावल्याचं तिला पक्कं आठवत होतं. आत अंधार होता. लाकडी जमिनीवर पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, सावकाश, थेंब थेंब. याच क्षणाची तिनं सहा वर्षं वाट पाहिली होती आणि आता तिला आत जायची भीती वाटत होती. मागे फिरावं, मेव्हिसकडे जाऊन झोपावं, असं मनात आलं. पण इतक्या वर्षांनी घरी आलेल्या माणसाला घरात कोणी भेटायला नको का?

तिनं दार ढकललं आणि पूर्वी रोज म्हणायची तसंच, जरा दरडावूनच म्हणाली, "आयव्हर, बूट दाराशीच काढलेस ना?"