नव्या गाडीची पहिली आग

माणसाने आग ताब्यात घेतली आणि संस्कृती सुरू झाली. आमच्या तालुक्यात हे काम नगरपंचायत झाल्यावर हाती घेण्यात आलं. त्याआधी आग लागली की तहसीलला फोन, तिथून गोंदियाला फोन, मग गोंदियाहून गाडी. ती येईपर्यंत आग थांबत नसे. गाडीवाल्यांना चहा मात्र नेहमी मिळे.

मी नगरपंचायतीत कारकून होतो. नवी लाल गाडी आली तेव्हा उद्घाटनाच्या खुर्च्या माझ्याकडे होत्या. कार्यक्रमात गवताचा ढीग पेटवायचा आणि गाडीने तो विझवून दाखवायचा. धानकापणी संपली होती. मैदानाला लागूनच माझ्या काकूचं पुंजणं उभं होतं, म्हणजे तिचं वर्षभराचं धान, मळणीसाठी रचून ठेवलेलं.

पाहुण्यांचे कपडे पांढरे आणि मैदानात धूळ. म्हणून साहेबांनी सकाळीच नव्या गाडीने सगळीकडे सडा मारून घेतला. टाकी पुन्हा भरणं हे प्रत्येकाने दुसऱ्याचं काम समजलं.

भाषण झालं, ढीग पेटला, टाळ्या झाल्या. जवानाने ऐटीत नळी रोखली. नळीतून थोडी हवा आली. तेवढ्यात वारा सुटला आणि जळतं गवत उडून पुंजण्यावर जाऊन बसलं.

"काऊन रे, पानी कुठी गेलं?" काकू माझ्यावरच ओरडली.

"काकू, धूळ उडत होती, म्हणून सकाळी..."

"आता आग उडून राहिली ना! भाषण कायले देतेस? उचल ते पान्याचं गुंड!"

गाडी सायरन वाजवत बोडीवर, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यावर, पाणी भरायला गेली. बोडी मैदानामागेच, पण गाडीला वळसा घालून जावं लागे. बायका सरळ बांधावरून गेल्या. गुंड, घमेली, जे मिळालं ते भरून हातोहात पुढे आलं. एक घमेलं पाहुण्यांच्या हातात पडलं आणि त्यांनीही ते पुढे दिलं, हे सांगायला हवं. पुंजण्याचा वरचा थर गेला, बाकी धान वाचलं. त्या वर्षी काकूच्या भाताला किंचित धुराचा वास यायचा, आणि ती तो कौतुकाने वाढायची.

गाडी भरून आली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. काकू गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होती.

"आलाच आहेस तं सोड थोडं," ती जवानाला म्हणाली.

नव्या गाडीने पहिल्या दिवशी काकूचे पाय धुतले.