मागच्याचं पाणी

वहिनी गेली ती नावड्याच्या घरात, गॅससमोर, तव्यावर भाकरी असताना. दादाचा फोन आला तेव्हा मी जुईनगरला माझ्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. हृदय बंद पडलं, एवढंच तो बोलू शकला. दिवसकार्याला जमलेल्यांनी मात्र कारण परस्पर ठरवून टाकलं... डोंगरांनी खाल्ली तिला. पन्नाशीच्या बाईने पाठीवर बोजा घेऊन गड चढायचे म्हणजे दुसरं काय होणार, असं जो तो म्हणत होता. तेव्हा मी गप्प बसले, आता बसणार नाही. माझी वहिनी स्वयंपाकघरात गेली, आणि स्वयंपाकघराला कुणी नावं ठेवली नाहीत.

कॉलनीतल्या बायकांचा ट्रेकचा ग्रुप तिनेच जमवला. पहिल्यांदा प्रबळगडाला निघताना तिने सॅक भरली ती माहेरी जायची पिशवी भरावी तशी. जड तेवढं तळाला, त्यावर कपडे, आणि सगळ्यांत वर सुकटीच्या चटणीचा डबा, कारण माणसं भेटली की आधी खाऊ काढायचा असतो. अर्ध्या वाटेत डबा सांडला. आम्ही पोट धरून हसलो, ती नाही हसली. मग कित्येक दिवस ती पलंगावर सामान मांडून सॅक भरायची, पाठीला लावून बिल्डिंगचे जिने चढायची, पुन्हा उपसायची. अंथरूण तळाला, जड वस्तू मधोमध पाठीला चिकटून, रेनकोट आणि खाऊ हाताशी वर, हे तिचं तिनेच बसवलं. खांदे दुखतात म्हणून मी कुरकुरले तर माझा कमरेचा पट्टा आवळत म्हणाली, "पोर कडंवर घेतो ना आपुन? मंग वजन कंबरंनी उचलाचा."

पण तिचा खरा नियम वेगळाच होता. सॅकच्या बाजूच्या खिशात ती एक जास्तीची बाटली ठेवायची, स्वतःसाठी नव्हे. तिचा हात तिथे पोचतही नसे. "दम लागलेला मानूस मागत नाय," ती म्हणायची, "मागच्याला पानी गवसला पायजे." मागे नेहमी मीच असायचे. ही बाटली भरताना दादा दारात उभा राहून आठ्या घालून बघायचा.

तेराव्यानंतर त्याने ती सॅक भंगारात द्यायला काढली आणि पूजाला, म्हणजे त्यांच्या लेकीला, बजावलं की आता डोंगर बंद. पोरगी मान खाली घालून उभी... माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग उद्यापासून तिला गॅससमोरपन उभी करू नको, दादा." त्याने सॅक उचलून पलंगावर ठेवली आणि बाहेर निघून गेला. पूजा आणि मी डोंगराला निघणार हे कळलं तेव्हा भाऊबंद म्हणाले, सुतक फिटलं नाही तोच यांची सहल. म्हणोत बापडे.

मागच्या रविवारी आम्ही दोघी प्रबळगडाला गेलो. निघताना दादा दारातसुद्धा आला नाही. पूजा पुढे, तिच्या पाठीवर आईची सॅक, मागे मी. उभ्या चढावर माझा श्वास संपला. मी मागितलं नाही, सवयीने हात तेवढा त्या खिशात गेला. भरलेली बाटली होती. पूजाला हा नियम कुणी सांगितला, म्हणून मी विचारलं.

"मी नाय ठेवली, आत्या," ती मागे न वळता म्हणाली. "सकाली पप्पांनी भरली."

मी पाणी प्यायले, बाटली होती तिथे ठेवली, आणि तिला म्हटलं, चढ.