दिवा हिरवा होईपर्यंत

कल्पना करा, ओलसर चादरीचं एक टोक तुमच्या हातात आहे आणि दुसरं शेजारणीच्या. समोर माणसाच्या कमरेएवढा जाड, तापलेला लोखंडी रोलर फिरतोय. चादरीची कड त्याच्या तोंडाशी न्यायची आणि त्यानं ओढून घेतली की सोडायची. लवकर सोडली तर चादर तिरकी जाते आणि शेजारीण डोळे वटारते. उशिरा सोडली तर काय होतं, ते सांगायला नको. आवाज एवढा, की शेजारणीशी बोलायचं तर ओठांवरून ओळखावं लागतं. अशात डोक्यावरचा दिवा लाल होतो. तुम्ही काय कराल?

पळू नका. हातातलं सोडा, तोंड बंद ठेवा आणि दोन्ही हात सरळ वर करा. हॉलमधले सगळे तेच करतील. ज्याचे हात वर दिसत नाहीत, त्याच्याकडे सुपरवायझर धावेल. दिवा हिरवा होईपर्यंत हात खाली आणायचे नाहीत, मग नाक खाजो नाहीतर पदर सुटो.

हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत ही सवय घडीमावशीच्या अंगात इतकी मुरली होती, की रस्त्यावरचा सिग्नल लाल झाला तरी तिचे खांदे हलायचे. सूनबाई शेजारून म्हणायची, "आई, हात नका वर करू. उगाच टॅक्सी थांबेल."

त्या दिवशी मात्र सूनबाईला चेष्टा सुचत नव्हती. दोघी विधिमंडळाच्या इमारतीत एका लांबलचक व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. म्हणजे सूनबाई बसली होती. घडीमावशीला बसवत नव्हतं. ती पाण्याच्या नळापर्यंत जायची, पाणी न पिता परत यायची, हातरुमाल उलगडायची, पुन्हा घडी घालायची. रुमालाचा कंटाळा आला तेव्हा तिनं शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवरचा कोट उचलून नीट घडी करून परत ठेवला. तो बिचारा आभार मानावेत की पोलीस बोलवावेत, या विचारात पडला.

प्रकरण असं होतं. कामगारांची गाऱ्हाणी ऐकायला विधिमंडळाची एक स्वतंत्र समिती होती. नव्या आमदारांनी ती मोडून तिचं काम उद्योग समितीकडे द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्याआधी लोकांचं ऐकून घ्यायचं, म्हणून आजची बैठक. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. युनियनच्या सेक्रेटरीनं मावशीचं नाव दिलं, कारण ती पाल्हाळ लावत नाही, असा त्याचा समज होता.

आणि मावशीला बोलायचं होतं ते सुनेसाठी. लाँड्रीच्या नव्या हॉलमध्ये चादरींच्या घड्या घालणारं मशीन आलं होतं, आणि सूनबाईला रोलरवरून काढून तिथं लावलं होतं. त्या मशीनवर दिवाच नव्हता. मागितला तर मॅनेजर म्हणाला, नियम रोलरचा आहे, घडीच्या मशीनचा नाही. दिव्यासाठी केलेला अर्ज कामगार समितीपुढे पडून होता. समिती गेली की तिच्यापुढचे अर्जही गेले. मग उद्योग समितीच्या दारात पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं, आणि तिथं लाँड्रीमालकांची ऊठबस घरच्यासारखी.

बरोबर लाँड्रीतला जुना कामगार आला होता, ज्याला सगळे भोंगा म्हणत. जन्मभर मशीनच्या आवाजावर ओरडून त्याचा आवाज असा झाला होता, की तो कुजबुजला तरी व्हरांड्याच्या पार टोकाचा पहारेकरी मान वळवून बघायचा. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. "मावशी, घाबरू नको," तो कुजबुजला आणि सगळा व्हरांडा घाबरला.

चहाची सुट्टी संपली आणि पहिलंच नाव मावशीचं पुकारलं गेलं. आत जाता जाता सेक्रेटरीनं सांगून ठेवलं, की सगळं एका मतावर अडलंय. दाराजवळ बसणारा जाड चष्म्याचा आमदार अजून कुणाच्याच बाजूचा नाही. बोलायचं ते त्याच्याकडे बघून. टेबलावरच्या दिव्यांबद्दल मात्र तो काही बोलला नाही. वेळ दाखवणारे दिवे असतात, त्यात सांगायचं काय?

मावशी उभी राहिली. सूनबाई आणि भोंगा तिच्या मागच्या खुर्च्यांवर. टेबलावर हिरवा दिवा लागला तसं तिला बरं वाटलं. घरच्यासारखं. तिनं लाँड्रीपासून सुरुवात केली, रोलर कसा असतो ते सांगितलं, चादर कशी धरतात ते हातांनी दाखवलं. दाखवण्यात जरा जास्तच वेळ गेला. जाड चष्मेवाला ऐकत होता, निदान मान तरी इकडेच होती. मग त्याचा फोन थरथरला आणि तो खुर्चीतून उठू लागला. ते बघून मावशीनं घाईनं मुद्द्यावर उडी घेतली.

"आणि आता नव्या हॉलमध्ये माझी सून—"

दिवा लाल झाला.

मावशीचं तोंड बंद झालं आणि दोन्ही हात सरळ वर गेले. मागे सूनबाईचे गेले. भोंग्याचे गेले, आठच्या आठ बोटांसह.

सभागृहात क्षणभर कुणाला काही कळेना. मग एका बाजूनं हसू आलं. अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं, खाली बसायला सांगितलं. मावशी हलेना. बसायची तयारी होती तिची, पण दिवा लालच होता. पहारेकरी दोन पावलं पुढे आला. अध्यक्षबाईंनी कडक आवाजात विचारलं, हे काही आंदोलन आहे का?

भोंगा कुजबुजला, म्हणजे गॅलरीपर्यंत ऐकू गेलं, "मॅडम, दिवा हिरवा करा. मग येतील हात खाली."

कारकुनानं अध्यक्षबाईंकडे पाहिलं आणि बटण दाबलं. तिघांचे सहा हात एकदम खाली आले.

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी आणखी अर्धं मिनिट दिलं आणि विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"तुम्हीच," मावशी म्हणाली. "म्हणजे या कामगार समितीनं. हा भोंगा आमच्याकडचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. त्याचा हात रोलरमध्ये गेला तेव्हा तो ओरडत होता आणि आम्ही शेजारी उभं राहून चादरी सोडत होतो. ऐकूच आलं नाही. समितीचे लोक आले, हॉलमध्ये उभे राहिले, त्यांनाही काही ऐकू येईना. तेव्हा त्यांनी तिथं दिवा बसवायला लावला आणि तो लाल झाला की सगळ्यांनी हात वर करायचा नियम घातला. म्हणून म्हणते, समिती ठेवा."

पुढचं नाव पुकारलं गेलं. मावशी खुर्चीवर बसली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं. सुनेच्या मशीनचं राहिलंच. ज्यासाठी आली, तेवढंच सोडून बाकी सगळं बोलून झालं होतं. सूनबाईनं तिचा हात धरून ठेवला.

दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. बाहेर आल्यावर मावशीनं पहिल्यांदा विचारलं, त्या चष्मेवाल्यानं आपले वर गेलेले हात पाहिले का? सेक्रेटरीचं म्हणणं, तो फोन घेऊन केव्हाच बाहेर गेला होता. भोंग्याचं म्हणणं, तो गेलाच नाही, फोन कानाला लावून दारात उभा होता. सूनबाईला त्याचा नुसता कोट आठवत होता, आणि कोटावरून माणूस पाठमोरा आहे की नाही, हे तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी रोलरवर मावशीनं दोन चादरी तिरक्या सोडल्या. शेजारणीनं डोळे वटारले. नव्या हॉलच्या दारातून सूनबाई दिसत होती. मशीनच्या तोंडाशी वाकलेली, डोक्यावर नुसतं छत. मावशीनं शेजारणीकडे वळून ओठ हलवले. शेजारणीला वाटलं चादरीचं काही असेल, म्हणून तिनं मान हलवली. पण मावशी कालपासून एकच गोष्ट विचारत होती: आपले हात वर होते तेव्हा, दारात उभ्या असलेल्या त्या माणसाचं तोंड नक्की कुठल्या बाजूला होतं?