गंगारामाचं भाकीत

गंगाराम आग्रे एसटीत कंडक्टर होता. बत्तीस वर्षं त्याने तिकिटं फाडली आणि निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहिली. त्याला कारणही तसंच होतं. राजापूरजवळच्या त्याच्या गावचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं सपाट रान, कुठल्याशा प्रकल्पासाठी दलाल विकत घेत सुटले होते. सभा झाल्या, मोर्चे झाले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग त्याने ठरवलं, लोकांना घाबरवायचं. त्याने सडा गेल्यानंतरचा, दोन हजार पंचाहत्तर सालातला गाव रंगवला. विहिरीला कुलूप, माणसांना नंबर, गणपतीला घरी यायलाही परवाना. एकच म्हातारी आपल्या जमिनीच्या कागदावर सही देत नाही आणि पडवीत एकटीच, पाण्याविना मरते. ते लिहिताना तो स्वतः रडला होता, कारण म्हातारी म्हणजे त्याची विधवा बहीण गोदा. तिचा तुकडा सड्याच्या तोंडाशीच होता. तो तिच्याकडे राहिला तर प्रकल्पाची वाट अडणार होती आणि सडा वाचणार होता.

छापणाऱ्याने कव्हरवर टाकलं, ‘एक भाकीत’. गंगारामाला शब्द भारदस्त वाटला, आणि तिथेच चुकलं. गावात भाकीत सांगतो भगत. ते टळत नसतं, त्याआधी आपली आवराआवर करायची असते.

पुस्तक घरोघर गेलं. गोदाची नात दीपाली तिला रोज वाचून दाखवायची. गोदाला अन्न गोड लागेना हे ऐकून गंगाराम चक्क खूश झाला. लेखकाची जात मोठी निर्दय!

एका सकाळी गोदा नवं लुगडं नेसून त्याच्या दारात उभी राहिली.

“चल राजापूरला. जमिनीच्या कागदावर अंगठा द्यायचाय. वलखीला मानूस लागतो.”

“आक्का, पुस्तक ऐकलंस ना?”

“ऐकला म्हनून तर चाललंय. सडा जानार ह्या तूच लिवलंस. छापलेला टलतो व्हय?” तिचे डोळे भरले. “ती म्हातारी मीच ना रे? सही दिली नाय म्हनून पान्याबिगर मेली. भावाच्या मनात माजा असा मरान होता!”

गंगारामाला सांगायचं होतं की सबंध पुस्तकात ती एकटीच जिंकली आहे. पण आठवून पाहिलं तर तसं एकही वाक्य त्याने लिहिलं नव्हतं.

कचेरीत गोदाने अंगठा उठवला. तिच्या डोळ्यांपुढे त्याला नाही म्हणवेना, त्याने खाली साक्षीदाराची सही केली. दलाल अदबीने पुढे आला.

“भाऊ, तुमच्या शंभर प्रती मीच वाटल्या. पलीकडच्या गावासाठी पण एक लिहा ना.”