तासगावकरांच्या तसबिरीचा हार

हुबळीच्या तासगावकर हायस्कुलातला शिपाई नागोजी अळणावरकडच्या खेड्यातला. घंटा, कुलपं आणि पाण्याचे माठ त्याच्या ताब्यात. पण त्याची खरी किंमत कळायची ती मधल्या सुट्टीत. ज्यांच्या नावाची शाळा, ते कापसाचे व्यापारी नारायणराव वारून चार वर्षं झाली होती. नागोजी त्यांच्यासारखा खुर्चीत बसायचा, डावा खांदा पाडायचा, घशात 'अख् हंऽ' करायचा आणि सुरू, "भाषा शिका रे, इतिहास शिका! कापूस काय, गाढवंसुद्धा वाहतात!" मास्तर पोट धरून हसायचे.

चौतीस साली शाळेनं नारायणरावांची तसबीर करायला घेतली. फोटो एकही नाही. फोटोनं आयुष्य घटतं, असं ते म्हणत. हेडमास्तर गोविंदराव म्हणाले, "नागोज्या, तू बस, ते बसायचे तसा. अं? चेहरा चितारी बघून घेईल. अं?"

नारायणरावांचा कोट आणि पगडी नागोजीच्या अंगावर चढली. धारवाडचा चितारी गणपत ओरडला, "अण्णा, सुम्म कूड्री! हलू नका." नऊ दिवसांनी तसबीर भिंतीवर लागली. कोट नारायणरावांचा, चेहरा नागोजीचा.

"होगली बिडु, जाऊ दे," गणपत कुंचले पुसत म्हणाला. "कोण बघतंय?"

सोनाबाईनं बघितलं. नागोजीची ही बायको शाळेत झाडायला यायची. एका सकाळी नागोजी तसबिरीला झेंडूचा हार घालत होता, खाली उदबत्ती. तिच्या हातातली केरसुणी गळून पडली.

"जित्या माणसाच्या तोंडाला हार? मला रांडव करता व्हय?"

"नोकरी हाय गं."

"नोकरी ऱ्हाईल आनि तुमी जाल!"

नागोजी हसला. पण त्याच आठवड्यात घंटा देताना त्याच्या घशातून आपोआप आलं, 'अख् हंऽ'. त्यानं काही ते केलं नव्हतं. मग पाणी भरताना आलं. मग जेवताना. सोनाबाईनं घास खाली ठेवला.

तो हेडमास्तरांच्या पाया पडला. "साहेब, तसबीर उतरवा."

"इंदुमतीबाईंनी येऊन सांगावं, हे आमचे नव्हेत. त्याच दिवशी उतरवतो. अं?"

इंदुमतीबाई म्हणजे नारायणरावांच्या विधवा. नागोजीनं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे भाजी पोचवली होती. आपला चेहरा त्या ओळखणारच. त्यानं विनवल्यावर गुरुवारी दुपारी त्या आल्या. तसबिरीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच ते."

"अक्का, नीट बघा!" नागोजी रडकुंडीला आला. "त्यो मी हाय! मी नक्कल केली हुती, ही बघा, अशी..." आणि तो खुर्चीत बसला. डावा खांदा खाली गेला. घसा वाजला.

इंदुमतीबाईंनी झटकन पदर डोक्यावर ओढला. अगदी हळू म्हणाल्या, "आलात? पाणी आणू?"

नागोजीला उठायचं होतं. खांदा वर येईना.

वीस वर्षांच्या संसारात सोनाबाईनं नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. ती दारातून धावत आली आणि भर शाळेत ओरडली, "नागोजी! ए नागोजी!"

खुर्चीतल्या माणसानं मागं वळून पाहिलं, ही बाई कुणाला हाक मारतेय ते.